खुर्ची मालकाची, पाठ नोकराची
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत 'बसणे' या क्रियापदाला फारशी इज्जत नाही. 'तुमचा मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'घरीच बसला आहे' असे उत्तर आले की पुढचे विचारायची गरज उरत नाही. 'बसून खातो' म्हणजे आळशी. 'धंदा बसला' म्हणजे बुडाला. आमच्या वऱ्हाडीत एखाद्याबद्दल 'तो तं बसूनच रायते' एवढे म्हटले की त्याची गावातली किंमत ठरून जाते. आणि ज्याची नोकरी टेबलाशी आहे त्याच्या कामाला आपण 'बैठे काम' म्हणतो. म्हणताना सूर असा, की हे काही खरे काम नव्हे, पंख्याखालची मौज आहे. भर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईने असे म्हटले तर तिचा तो हक्कच आहे. पण तिच्यापेक्षा दुकानांचे आणि संस्थांचे मालकच हे जास्त म्हणतात.

पाठदुखीवर बोलायला डॉक्टर सोडून एका कवीला बोलावले, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पाठीचे औषध मी सांगणार नाही. मला बोलायचे आहे ते खुर्चीबद्दल. म्हणजे माणसाला कामाच्या जागी बसायला नीट जागा देणे ही कुणाची जबाबदारी आहे, याबद्दल. आपल्याकडे पाठ दुखली की तो ज्याचा त्याचा खासगी आजार समजतात. बाम स्वतःच्या पैशाने, पट्टा स्वतःच्या पैशाने, रजा बिनपगारी. ज्या खुर्चीवर किंवा ज्या फरशीवर ती पाठ रोज नऊ-दहा तास काढते, तिचा हिशेब कुणी विचारत नाही.

पुसद, वणी, दारव्हा, दिग्रस, जिल्ह्यातले कुठलेही बाजाराचे गाव घ्या. तिथल्या जुन्या कापडदुकानात पांढरी चादर घातलेली गादी असे. विकणारा गादीवर, घेणारे गादीवर, मध्ये लुगड्यांचा ढीग. आता काचेची दारे आली, काउंटर आले आणि काउंटरमागे उभ्या असलेल्या मुली आल्या. आमच्या शेजारची एक मुलगी अशाच एका दुकानात होती. सकाळी दहा ते रात्री साडेआठ. दुकानात स्टुले होती, पण ती गिऱ्हाइकांसाठी. गिऱ्हाईक नसले तरी मुलींनी बसायचे नाही, कारण बसलेल्या मुली बाहेरून दिसल्या तर दुकानात मंदी आहे असे लोकांना वाटेल, असे मालकाचे म्हणणे. चोविसाव्या वर्षी तिने मेडिकलमधून कमरेचा पट्टा आणला. त्याचे पैसे अर्थातच तिच्या पगारातून गेले.

या गोष्टीवर एका राज्यात मोठी चळवळ झाली आहे. केरळात कोझिकोडच्या बाजारपेठेत, जिला तिथले लोक मिठाई गल्ली म्हणतात, कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांची अवस्था अशीच होती. दिवसभर उभे राहणे, भिंतीला टेकायचे नाही आणि लघवीला जायची सोय नाही. त्यामुळे कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नसत. शिवणकाम करणाऱ्या विजी नावाच्या बाईंनी त्यांना एकत्र केले. आधी मागणी होती शौचालयाची, मग बसण्याची. लोकांनी चेष्टा केली, की बसायचे असेल तर घरी बसा. म्हणजे ही चेष्टा मल्याळीतही आपल्यासारखीच आहे. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये केरळ सरकारने अध्यादेश काढून दुकान कायद्यात दुरुस्ती केली आणि कामगारांना बसायला जागा देणे मालकावर बंधनकारक केले. त्या वर्षीच्या बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत विजींचे नाव होते. पुढे २०२१ मध्ये तमिळनाडूनेही आपल्या दुकान कायद्यात तसेच कलम घातले.

यात फार नवे काही आहे असे समजू नका. इंग्लंडमध्ये १८९९ साली खास दुकानातल्या स्त्री-नोकरांच्या बसण्यासाठी कायदा झाला होता. दर तीन स्त्रियांमागे किमान एक आसन मालकाने ठेवलेच पाहिजे, असा त्याचा नियम. तेव्हा इथे राणीचे राज्य होते, पण राणीचा हा कायदा बोटीत बसून इकडे आला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६४ मध्ये दुकाने आणि कचेऱ्यांसाठी जो करार केला, त्यातही कामगारांना पुरेशी आणि योग्य आसने द्यावीत आणि ती वापरायची वाजवी संधीही द्यावी, असे म्हटले आहे. यातला दुसरा भाग मला महत्त्वाचा वाटतो. स्टूल ठेवायचे आणि बसू द्यायचे नाही, ही युक्ती त्यांनाही ठाऊक असणार.

आता आपला कायदा. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४४ होते. ज्या कामगारांना उभ्याने काम करावे लागते त्यांच्यासाठी बसायची सोय ठेवावी, म्हणजे कामात सवड मिळेल तेव्हा त्यांना टेकता येईल. आणि एखादे काम बसूनही तितकेच चांगले होऊ शकते असे मुख्य कारखाना निरीक्षकाला वाटले, तर तो तशी आसने द्यायचा लेखी आदेश मालकाला देऊ शकेल. कलम चांगले होते, पण ते कारखान्याच्या फाटकाबाहेर येत नव्हते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि कारखाना कायद्याची जागा तिने घेतली. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय ही गोष्ट या संहितेत कल्याणाच्या सोयींमध्ये आहे, आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या व्यापारी आस्थापनाही आता तिच्या कक्षेत येतात. शिवाय कामाची जागा इजा किंवा व्यवसायजन्य आजार होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवणे हे मालकाचे सर्वसाधारण कर्तव्य सांगितले आहे.

म्हणजे मोठ्या शोरूममधल्या मुलीला आता कायद्याचा आधार आहे. पण आपल्या तालुक्याच्या गावी दहा माणसे कामाला असलेली दुकाने किती? तीन मुली आणि एक पोरगा, असा बहुतेकांचा कारभार. त्यांच्यापर्यंत ही संहिता पोहोचत नाही.

दुसरी गंमत सरकारी कचेरीची. केंद्र आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना ही संहिता लागू नाही, असे तिच्या सुरुवातीलाच लिहिले आहे. मात्र तिथे कंत्राटदारामार्फत घेतलेल्या कंत्राटी कामगारांना ती लागू आहे. एकाच खोलीतले चित्र डोळ्यांपुढे आणा. कायम नोकरीतले लिपिक आणि शेजारी कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटर. पगार, रजा, पेन्शन सगळ्यात लिपिक वर. पण खुर्चीबद्दल या कायद्याचे बोट दाखवून बोलायचे झाले तर ते त्या ऑपरेटरलाच दाखवता येईल. अर्थात तो दाखवणार नाही, कारण अकरा महिन्यांनी त्याचा करार नवा व्हायचा असतो.

'खुर्ची' हा शब्द मूळ अरबी, 'कुर्सी'. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. 'मेज', 'दफ्तर', 'कारकून' ही सगळी त्याच वाटेवरची मंडळी. कारकून म्हणजे शब्दशः काम करणारा. पण आपल्या कचेऱ्यांत खुर्ची काम करणाऱ्याला मिळत नाही, ती हुद्द्याला मिळते. सगळ्यात उंच पाठीची, चाकांची, वर पांढरा टॉवेल घातलेली खुर्ची साहेबांची. साहेब अर्धा दिवस बैठकीत किंवा दौऱ्यावर. जो सकाळी दहापासून पडद्याकडे पाहत नोंदी करतो त्याला लग्नाच्या मांडवात मिळते तशी प्लॅस्टिकची खुर्ची. तिचा एक पाय तापलेल्या सळईने डागून जोडलेला. मी अशा कचेऱ्या पाहिल्या आहेत जिथे चांगली खुर्ची साखळीने टेबलाला बांधून ठेवलेली असते. लोक हसतात, मला ती साखळी बांधणाऱ्याची अक्कल कळते.

जुन्या पेढीवरचा मुनीम जमिनीवर बसे. त्याचे सगळे चांगले होते असे मी म्हणणार नाही. त्याचे गुडघे म्हातारपणी काय म्हणत ते त्यालाच माहीत. पण त्याच्या बैठकीत एक गोष्ट होती. गादी मोकळी, मागे लोड, पुढे उतरते मेज. तो मांडी घाले, एक पाय पसरे, कुशीवर रेले, पुन्हा सरळ होई. दर पाच-दहा मिनिटांनी आसन बदलले तरी कुणी हटकत नसे. इंग्रजी अमदानीत कचेरी खुर्चीवर चढली आणि माणूस एका मापात अडकला. आता आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत मागच्या बाजूला खुर्च्यांची एक ओळ असते, कीर्तनाच्या मांडवातही असते, आणि ती ओळ दरवर्षी लांबते आहे. म्हाताऱ्यांसाठी ठेवलेल्या त्या खुर्च्यांवर चाळिशीतली माणसे बसलेली दिसतात.

खुर्चीने पाठ दुखते का, याचे सरळ उत्तर विज्ञानाकडे मागितले तर ते थोडे थांबवते. स्वीडनच्या आल्फ नॅकेमसन या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसण्यात चकतीवर जास्त दाब येतो असे त्यांना आढळले आणि वर्षानुवर्षे सगळीकडे तेच शिकवले गेले. १९९९ मध्ये जर्मनीतल्या विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ४५ वर्षांच्या स्वयंसेवकाच्या चकतीत संवेदक बसवून पुन्हा मोजले, तेव्हा सैलपणे बसण्यातला दाब उभे राहण्याएवढाच, किंबहुना किंचित कमी निघाला. मात्र पाठ वाकवून वीस किलोचे ओझे उचलताना तोच दाब नुसत्या उभे राहण्याच्या चौपटीहून अधिक झाला. हमालाला हे मोजायला सुई लागत नाही. आणि हमालाच्या पाठीचा विचार कायद्याने करायला आपल्या महाराष्ट्रानेच सुरुवात केली. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, आणि ओझे वाहणाऱ्याच्या मजुरीबरोबर त्याच्या भविष्याचा पैसाही माल उतरवून घेणाऱ्या मालकाकडून लेव्हीच्या रूपाने घ्यायचा, हे ठरले. त्याआधी हमालाची झिजलेली पाठ ही हमालाची खासगी बाब होती.

तेव्हा नुसत्या बसण्याने पाठ बिघडते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण एकाच स्थितीत तासन्‌तास जखडून राहणे पाठीला मानवत नाही, मग ते बसणे असो की उभे राहणे. स्नायू थकतात, ताठरतात, उभे राहणाऱ्याच्या पायांत रक्त साचते. त्यात कामाचा ताण, डोक्यावर उभा असलेला वरिष्ठ, उद्याच्या नोकरीची काळजी ही भर पडली की दुखणे मुक्कामाला येते. यावर मराठीत एक फार चांगला शब्द आहे, 'ऊठबस'. आपण तो पाहुण्यांच्या सरबराईसाठी वापरतो. पाठीला तीच हवी असते. मालकाची जबाबदारी म्हणूनच खुर्ची विकत घेऊन संपत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने माणूस उठला, पाण्याच्या माठापर्यंत जाऊन आला, तर त्याला कामचुकार न म्हणणे हाही त्या जबाबदारीचा भाग आहे. युरोपात १९९० मध्ये संगणकाच्या पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी जो निर्देश निघाला, त्यात कमी-जास्त करता येणारी खुर्ची आणि मधून मधून कामात बदल किंवा विश्रांती, या दोन्ही गोष्टी मालकाच्या माथी घातल्या आहेत.

खुर्चीचे माप मात्र समजून घेण्यासारखे आहे. बाजारातल्या साध्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण दीड फुटावर असते. पाच फूट उंचीच्या बाईचे गुडघ्यामागच्या वळणापासून टाचेपर्यंतचे माप सुमारे पंधरा इंच भरते. उरलेले तीन इंच तिचे पाय अधांतरी. मग ती पाय टेकवण्यासाठी पुढे सरकते, पुढे सरकली की पाठ खुर्चीच्या पाठीपासून सुटते आणि दिवसभर ती स्वतःच्या पाठीला स्वतःच धरून बसते. आपल्याकडचे बरेचसे फर्निचर परदेशी मापांवरून आले. भारतीय माणसांची मापे पद्धतशीर घेऊन त्यांचे पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून देबकुमार चक्रवर्ती यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले, तोवर कितीतरी पिढ्या लोंबत्या पायांनी निवृत्त झाल्या होत्या. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथेही कामगाराच्या शरीराला कामाचे साधन कसे जुळवावे याचा अभ्यास चालतो.

चांगली जागा कशी ओळखावी? तळपाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, मांड्या जमिनीला समांतर, कमरेच्या खोलगट भागाला मागून आधार, कोपर टेबलाच्या उंचीवर, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणि पडदा हातभर लांब. उंची बदलणारी खुर्ची परवडत नसेल तर पायांखाली घरातला जेवणाचा पाट ठेवला तरी तीन इंचांचा प्रश्न सुटतो. कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. साहेबांच्या खुर्चीवरच्या टॉवेलचाही तसा उपयोग करता येईल. काउंटरमागे उभ्या मुलींसाठी उंच स्टूल, ज्यावर अर्धवट टेकून गिऱ्हाइकाशी बोलता येते. दोन मुलींत एक ठेवले तरी चालेल. साड्यांच्या दुकानाला हा खर्च एका बऱ्या पैठणीपेक्षा जास्त नाही.

एका खुर्चीचे मात्र पाट ठेवून भागणार नाही. वणीकडच्या कोळसा खाणीतल्या डंपरचालकाची आणि एसटीच्या चालकाची. तीही 'बैठी कामे'च. पण गाडीचे हादरे आसनातून मणक्यात जातात, आणि सेकंदाला चार-पाच हेलकाव्यांच्या आसपास बसलेल्या माणसाचे धड त्या हादऱ्यांबरोबर स्वतःही डोलू लागते. नुसत्या बसण्याबद्दल शास्त्रज्ञ सावधपणे बोलत असले तरी या हादऱ्यांचा आणि कंबरदुखीचा संबंध ते पुष्कळ ठामपणे सांगतात. इथे आसनाखालची स्प्रिंग, तिची देखभाल, पाळीचे तास आणि खाणीतला रस्ता, चारही गोष्टी मालकाच्या हातात असतात. चालकाच्या हातात फक्त स्टिअरिंग. आमच्या जिल्ह्यात प्रवास बहुतेक रस्त्यानेच होतो आणि रस्ते कसे आहेत ते श्रोत्यांना मी सांगायला नको.

दुखणे आल्यावरचे थोडेसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. अपंगत्व आणणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला. याच संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, समजावून सांगणे आणि हालचाल चालू ठेवणे यांवर भर आहे. कमरेचे पट्टे आणि वजने लावून ओढणे यांची शिफारस नाही. आमच्याकडे पाठ दुखली की पहिला शोध पट्ट्याचा, आणि दुसरे वाक्य 'गादी सरकली'. बहुतेक साधी दुखणी काही आठवड्यांत उतरतात, अंथरुणाला खिळून राहिल्याने उलट लांबतात. पण पायातली ताकद गेली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप आला किंवा कारण नसताना वजन उतरू लागले, तर बाम चोळत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

भरपाईच्या बाबतीत मात्र पाठ मागेच राहिली आहे. नव्या संहितेत कळवण्याजोग्या व्यवसायजन्य आजारांची जी यादी आहे, तिच्यात कापसाच्या धुळीने फुप्फुसाला होणारा बिसिनोसिस आहे. जिनिंगच्या आपल्या जिल्ह्याला तो ठाऊक असायला हवा. गोंगाटाने येणारा बहिरेपणा आहे. पाठदुखी नाही. म्हणजे ती कामामुळे झाली हे सिद्ध करायचे ओझे पुन्हा दुखणाऱ्या पाठीवरच. म्हणून दुखायच्या आधी मागणे शहाणपणाचे. कामाच्या जागेच्या सुरक्षेबद्दल आणि आरोग्याबद्दल मालकाकडे म्हणणे मांडण्याचा अधिकार संहितेने कामगाराला दिला आहे. एकट्याने तोंडी सांगण्यापेक्षा चौघांच्या सह्यांचा लेखी अर्ज बरा. 'खुर्ची खराब आहे' एवढे लिहून भागत नाही. बैठकीची उंची किती इंच, कोण किती तास बसतो, कुणाचे पाय टेकत नाहीत, हे लिहावे. शाळा, पतसंस्था, कचेऱ्या यांची खरेदी मार्चअखेर घाईघाईत होते आणि तेव्हा पुरवठादार जे आणील ते घेतले जाते. तेव्हा असा अर्ज डिसेंबरात गेलेला चांगला, आणि पोच घ्यायला विसरू नये.